आधी चिठ्ठ्यांना नंबर, मग शोकेस

पत्र : माझे सासरे एस.टी.त कंडक्टर होते, सोलापूर डेपोला. तुळजापूर, नळदुर्ग, मंगळवेढा, विजापूर अशा गाड्यांवर त्यांची ड्यूटी असायची. तिकिटाच्या पैशांत कुणी जुनं नाणं पुढं केलं की ते स्वतःच्या खिशातले पैसे बॅगेत भरायचे आणि नाणं घरी आणायचे. अशी चारेकशे नाणी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आणि कापडी पिशव्यांत आहेत. बऱ्याच नाण्यांना जुन्या तिकिटाच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी रबरबँडनं बांधलेली आहे : कुठली गाडी, कुणी दिलं, तारीख. नाणी घासायला ते कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर मी खिशांचा अल्बम आणून शंभरेक नाणी त्यात भरली आणि त्यांच्या चिठ्ठ्या एका पाकिटात घातल्या. उन्हाळा संपल्यावर पाहिलं तर काही नाणी हिरवी, चिकट झालीत. जाऊबाई म्हणतात, चिंच लावून सगळी लख्ख करून घे. मुलगा म्हणतो, हॉलमध्ये काचेचा टीपॉय करू, आत लाल मखमल आणि दिवे. नातवाच्या शाळेत प्रदर्शन आहे, त्यालाही नाणी न्यायचीत. डब्यात ठेवू, अल्बममध्ये की काचेखाली?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, चिंचेचा कोळ आधी बाजूला ठेवा. बाकी सगळं सावकाश करता येईल, पण चिंचेनं घासलेलं नाणं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी-काळपट थर आपल्याला मळ वाटतो, कारण देवाची भांडी उजळायची आपल्या हातांना सवय. नाण्यावरचा तो थर तांब्याचाच असतो. हवा लागून वर्षानुवर्षं तो बसत जातो आणि खालच्या धातूला जपतो. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, टूथपेस्ट, कशानंही तो निघतो, नाणं चार दिवस चमकतं आणि मग नको तिथं डाग धरतं. घासल्याचे बारीक ओरखडे राहतात ते वेगळेच. जाणकार माणूस भिंग लावून पहिल्यांदा तेच बघतो आणि नाण्याची किंमत तिथंच उतरते. शिवराईचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याचं, उदाहरण घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. असंख्य हातांतून गेलेल्या नाण्यावर या अक्षरांचा उठाव जेमतेम कागदाच्या जाडीएवढा उरलेला असतो. तारेच्या घासणीचे दोन फटकारे त्याला पुरेसे आहेत. तुमचे सासरे कुणाला हात लावू देत नव्हते ते अगदी बरोबर होतं.

आता तुमचा प्रश्न. ठेवणं आणि मांडणं ही दोन कामं वेगळी धरा, एवढंच माझं मुख्य सांगणं आहे. नाणी कायमची जिथं राहतील ती जागा अंधारी, कोरडी आणि साधी असू दे. दाखवायला त्यांतली थोडीच आणि थोड्या दिवसांसाठीच बाहेर काढा. टीपॉयमध्ये ही दोन्ही कामं एकात एक होतात, म्हणून तो मला पटत नाही. पण त्याच्याही आधी चिठ्ठ्यांचं काम आहे, आणि ते झाल्याशिवाय डब्यातलं एकही नाणं जागचं हलवू नका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट त्या चिठ्ठ्याच आहेत. सोलापूर १८१८ पासून इंग्रजांकडे होतं. तुळजापूर, नळदुर्ग मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. एका एस.टी.च्या फेरीएवढ्या अंतरात दोन राज्यं आणि दोन चलनं. इकडे राणीछाप, राजाछाप रुपया, तिकडे निजामाचा हाली शिक्का, चारमिनारचं चित्र असलेला. दक्षिणेला विजापूर, म्हणजे आदिलशाहीची तांब्याची नाणी. अशा सीमेवरच्या गाडीत बसलेल्या कुण्या आजीनं कनवटीचं चारमिनारचं नाणं काढून दिलं, आणि कंडक्टरनं त्याच संध्याकाळी गाडी, गाव आणि तारीख लिहून ठेवली, ही माहिती कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळत नाही. चिठ्ठीशिवाय तेच नाणं सराफाच्या वाटीतल्या इतर नाण्यांसारखं एक. चिठ्ठीसकट ते आपल्या भागातल्या लोकांच्या हातात जुना पैसा किती वर्षं टिकून होता याचा पुरावा होतं. एक मात्र ध्यानात असू द्या : नाणं कुठं हाती आलं ते चिठ्ठी सांगते, कुठं पाडलं गेलं ते सांगत नाही. शिवराया तर महाराजांनंतरही, पेशवाईतही पाडल्या जात होत्या, दुदांडी शिवराई त्यांतलीच. त्यामुळं मंगळवेढ्याच्या गाडीत मिळालेली शिवराई ‘मंगळवेढ्याची’ असं रजिस्टरमध्ये लिहू नका. ‘मंगळवेढा गाडीत मिळाली’ असं लिहा.

हे काम असं करा. पलंगावर नाही, जमिनीवर, स्वच्छ पांढरी सुती चादर दुमडून अंथरा, म्हणजे हातातून निसटलं तरी नाण्याला मार बसणार नाही. एका वेळी एकच पिशवी उघडा. रबरबँड ओढून काढू नका, कात्रीनं कापा. जुना रबर कागदाला चिकटलेला असतो आणि ओढला की तिकीट फाटतं. नाणं आणि चिठ्ठी शेजारी ठेवा, बाजूला नंबराचा कपटा ठेवा आणि खिडकीच्या उजेडात मोबाइलवर तिन्हींचा मिळून एकच फोटो काढा. मग नाणं उलटून दुसरा. रजिस्टरमध्ये तोच नंबर, चिठ्ठीतला मजकूर जसाच्या तसा, त्यांच्या शुद्धलेखनासकट. शक्य असेल तर सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या आणि वजन लिहा. राणीछाप-राजाछाप चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. वापरानं थोडा कमी भरेल, पण दहाच्या खाली गेला तर शंका घ्यायला जागा आहे. १९४७ चा वाघाचा रुपया लोहचुंबकाला चिकटला म्हणून दचकू नका, तो निकेलचाच आहे.

अल्बममध्ये गेलेल्या शंभर नाण्यांच्या चिठ्ठ्या पाकिटात एकत्र झाल्या आहेत. त्यांच्या जोड्या पुन्हा जुळवता येतील, निदान बऱ्याचशा. चिठ्ठीत ‘भोकाचा पैसा’ किंवा ‘चारमिनार’ असं लिहिलं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तिकिटाचा कागद तिरका धरून उजेडात बघा. नाणं वर्षानुवर्षं कागदाला दाबून बांधलेलं असलं की कागदावर गोल तपकिरी किंवा हिरवट छाप उमटतो. तो पट्टीनं मोजा. चांदीचा रुपया साडेतीस मिलिमीटरचा, भोकाचा पैसा एकवीसच्या आसपास, १९५७ पासूनचा छोटा नया पैसा सोळा मिलिमीटरचा. छाप चौकोनी असेल तर दोन आणे, अर्धा आणा किंवा पाच पैसे, कातरलेल्या कडेचा असेल तर एक आणा, दोन पैसे किंवा दहा पैसे. चांदीच्या नाण्यावर आडवी काळी रेघ असेल तर ती रबराची आहे, कारण रबरात गंधक असतं आणि चांदी त्यानं काळी पडते. तशीच रेघ तिकिटावरही रबराच्या जागी दिसेल. दोन्ही रेघा एका ओळीत येतात का बघा. ती रेघ काढायच्या मागे लागू नका. ज्यांची जोडी लागणार नाही त्यांच्यापुढं ‘चिठ्ठी नाही’ असं स्वच्छ लिहा. अंदाजानं गाव लिहू नका.

नंबर पडले की कागद आणि धातू वेगळे करा. जुन्या तिकिटाच्या कागदात आम्ल असतं, ते नाण्याला लागतं, आणि नाणं कागदाला डागतं. तिकिटं पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक खिशांत, अंधारात ठेवा. सेलोटेप नको, आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. लॅमिनेट केलेला कागद परत मोकळा होत नाही. त्या तिकिटांवर पंच केलेली भोकं आहेत, छापील भाडं आहे. उद्या एखादा अभ्यासक नाण्यांइतकाच त्या तिकिटांकडे बघेल.

आता अल्बम. तो बहुधा पीव्हीसीचा आहे. या प्लॅस्टिकला मऊपणा यावा म्हणून त्यात तेलकट रसायन घातलेलं असतं. गरमीत ते पाझरतं, आणि प्लॅस्टिक जुनं होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लही सुटतं. दोन्ही मिळून तांब्यावर तो हिरवा चिकट थर येतो. चांदीच्या रुपयातही तांबं असतंच. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी सुमारे ९१.७ टक्के होती, १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच. म्हणून युद्धकाळातले रुपये आधी हिरवे झाले असतील, एकदा तपासून बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो आणि बंद लोखंडी कपाट तापतं. दुसऱ्या गावात जे व्हायला काही वर्षं लागली असती ते तुमच्याकडं एका उन्हाळ्यात झालं.

खात्री करायची असेल तर अल्बमच्या पानाचा वास घ्या. नव्या रेनकोटसारखा वास, मऊ स्पर्श, पानं एकमेकांना चिकटणं, ही पीव्हीसीची लक्षणं. कडक, कुरकुरणारं पान सहसा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर असतं, ते चालतं. आणखी एक जुनी परीक्षा आहे. तांब्याची तार पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल करायची, पानाच्या कापलेल्या तुकड्याला टेकवायची आणि परत ज्योतीत न्यायची. ज्योत हिरवी झाली तर प्लॅस्टिकमध्ये क्लोरिन आहे. धूर चांगला नसतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून, एकदाच, आणि नातवाला लांब ठेवून.

चिकट झालेली नाणी आजच बाहेर काढा, अर्थात फोटो आणि नंबर झाल्यावर. तो थर शुद्ध अ‍ॅसिटोननं निघतो. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून आणा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि रंग असतात. काचेच्या वाटीत अ‍ॅसिटोन घ्या, नाणं काही मिनिटं बुडवा, वाटी हलकेच हलवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये विसळा आणि हवेवर वाळू द्या. पुसू नका, चोळू नका. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं, त्यामुळं हे काम गच्चीत किंवा अंगणात, आणि घरात समई, गॅस, उदबत्ती चालू नसताना. अ‍ॅसिटोननं थर जातो, पण खाली धातू खाल्ला गेला असेल तर तो खड्डा तसाच राहतो. काही नाण्यांवर तुम्हाला तो दिसेल. ती तशीच ठेवा.

चिकट नसलेला, फिकट हिरवा, पिठासारखा ठिपका दिसला आणि दात-कोरणीच्या टोकानं तो भुरभुरून पडला, तर ते वेगळं दुखणं आहे. तांब्यात क्षार शिरलेले असतात, ओल मिळाली की ते पुन्हा पुन्हा वर येतात. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळ्या छोट्या डबीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. त्यावर घरगुती उपाय नको.

ठेवायला मी टू बाय टू होल्डर सुचवेन. दोन इंच चौकोनी पुठ्ठा, मधे गोल खिडकी, खिडकीला पारदर्शक पॉलिस्टरचा पडदा. पुठ्ठा दुमडून बंद करायचा. खिडकीचं माप नाण्याहून एक-दोन मिलिमीटर मोठं घ्या : रुपयाला साडेबत्तीसची, भोकाच्या पैशाला साडेबावीसची, नया पैशाला साडेसतराची. पुठ्ठ्यावर नंबर, साल, धातू आणि गाव आधी लिहा, नाणं नंतर घाला. आत नाणं असताना बॉलपेन दाबून लिहिलं तर त्याचा दाब नाण्यावर जातो. स्टेपल मारल्यावर पिना पकडीनं चपट्या करा, नाहीतर शेजारच्या होल्डरचा पडदा त्या फाडतील आणि नाण्यावर ओरखडा काढतील. कधी नाणं बाहेर काढायचं झालं तर चारही बाजूंच्या पिना आधी काढून मगच पुठ्ठा उघडा. अर्ध्या निघालेल्या पिनेचं टोक नाण्यावरून फिरतं आणि जपून ठेवलेल्या रुपयावर राजाच्या गालावर चर निघतो. हे होल्डर उभे राहतील असा कडक डबा मिळतो, पॉलिप्रॉपिलीनचा घ्या.

शिवराई आणि आदिलशाहीची तांब्याची नाणी हातानं ठोकलेली, जाड आणि वेडीवाकडी. ती पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये नीट बसत नाहीत, पडदा ताणतो. त्यांना पॉलिथिनच्या छोट्या झिपच्या पिशव्या बऱ्या, एका पिशवीत एकच. अ‍ॅल्युमिनिअमची दोन, तीन, पाच, दहा पैशांची नाणी लोक हलकी समजून मुठीनं डब्यात टाकतात. अ‍ॅल्युमिनिअम मऊ आहे, एकमेकांवर घासून त्यांचे काठ जातात. चांगल्या स्थितीतली निवडून होल्डरमध्ये घाला, उरलेली कागदी गुंडाळीत नाही, प्लॅस्टिकच्या नळीत. स्टीलच्या आणि तांबे-निकेलच्या नाण्यांची फार काळजी करू नका. आणि चारशेही नाण्यांना एकाच इतमामानं ठेवायची गरज नाही. चिठ्ठी असलेली सगळी, चांदीची सगळी, हातानं ठोकलेली सगळी. बाकीच्यांतली जोडीजोडीनं आलेली नाणी साध्या डबीत राहिली तरी चालतील. नाणं धरायचं ते कडेला, अंगठा आणि तर्जनीत. मे महिन्यातला घामाचा ठसा तांब्यावर कायमचा बसतो.

डबा कुठं ठेवायचा? लोखंडी कपाट ठीक आहे, मधला कप्पा. माळ्यावर नको, स्लॅबखाली भट्टी होते. पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं कपाटही टाळा. देवघराशेजारचं टाळा, धूप आणि उदबत्तीचा धूर बसतो. डांबरगोळ्या त्या कप्प्यात नकोत, कापूरही नको. नवं प्लायवूडचं कपाट करून घेऊ नका, त्याच्या गोंदातून आणि लाकडातून आम्लाची वाफ येत राहते. सोलापूरची हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते ही नाण्यांच्या दृष्टीनं मोठी जमेची बाजू आहे, आणि ती आपण स्वतःच घालवतो, कूलर लावून. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत ज्या खोलीत पाण्याचा कूलर चालतो तिथली हवा रात्रभर दमट असते आणि दिवसा खोली पुन्हा तापते. रोजची ही ओल-कोरड नाण्याला फार जाचते. तुमच्या घरात कूलर ज्या खोलीत आहे ती सोडून दुसऱ्या खोलीतलं कपाट निवडा. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, नारंगी रंगाची घ्या. रंग पालटला की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरा. चांदीची निवडक नाणी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची असतील तर तिथंही पुडी हवीच, तळघरातल्या लॉकरला ओल असते.

आता तुमच्या मुलाच्या टीपॉयकडे येऊ. त्याची इच्छा चांगली आहे, आजोबांची गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी एवढंच त्याला हवंय. पण टीपॉय म्हणजे प्लायवूड किंवा एमडीएफची बंद पेटी. तिची वाफ आतच कोंडते. मखमलीचा रंग आणि खालचा गोंद नाण्याला लागतो. दिव्यांची गरमी आत साचते, वरून चहा सांडतो, कुणीतरी कोपर टेकतं. आणि नाण्याची एकच बाजू दिसते. मखमल लालच हवी असेल तर दागिन्यांच्या दुकानासाठी ती ठीक आहे, शे-दीडशे वर्षांच्या तांब्याखाली ती घालू नका.

त्याऐवजी हॉलच्या भिंतीवर, जिथं थेट ऊन येत नाही तिथं, गाड्यांप्रमाणे मांडणी करा. सोलापूरपासून निघणाऱ्या चार रेघा : तुळजापूर–नळदुर्ग, मंगळवेढा, विजापूर आणि शहरातली. प्रत्येक रेघेवर त्या गाडीतल्या नाण्यांचे मोठे केलेले फोटो, दोन्ही बाजूंचे, आणि खाली त्या चिठ्ठीचा फोटो, सासऱ्यांच्या अक्षरातला. नाणं वीत-वीत मोठं दिसलं की ‘श्री राजा शिव’ हे पाहुण्याला चष्म्याशिवाय वाचता येतं. खऱ्या तीन-चार नाण्यांसाठी त्याच रेघेवर एक छोटी अ‍ॅक्रिलिकची फ्रेम, नाणी कडक कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाण्याच्या मापाच्या गोल पारदर्शक डबीत, पुढून-मागून दिसतील अशी. ही नाणी अधूनमधून बदला. गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत पाहुणे येतात तेव्हा एक संच, श्रावणात दुसरा. दिवा एलईडी, बाहेरून, आणि बघताना तेवढाच लावा. मुलाला याचं डिझाइन करायला सांगा. टीपॉयपेक्षा त्यात त्याच्या हाताला आणि डोक्याला जास्त काम आहे. रिझर्व्ह बँकेचं मुंबईतलं चलन संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय, दोन्हींपैकी एकाला तरी सगळ्यांनी मिळून भेट द्या. नाणं काचेत कसं तोललेलं असतं, चिठ्ठी किती लहान असते, हे तिथं बघून येता येईल.

लक्ष्मीपूजनाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण चांदीचे रुपये घरात आहेत म्हणजे ते पूजेला निघत असणार. दूध, दही, पंचामृत, मग हळद-कुंकू, आणि नंतर चिंचेनं उजळणं, हे सगळं चांदीच्या नाण्याला दरवर्षी सोसावं लागतं. देवाचं नाणं देवाचंच राहू द्या. बिनचिठ्ठीचे, झिजलेले दोन रुपये कायमचे पूजेसाठी बाजूला काढा आणि तेच दरवर्षी पूजा. सूनबाईलाही ते सांगून ठेवा. बाकीच्यांना पाटावर ठेवायचंच असेल तर कॅप्सूलसकट ठेवा, कुंकू वरून वाहा.

नाण्यांचे फोटो व्हॉट्सॅप स्टेटसवर टाकायचा मोह आवरा. घरात काय आहे ते गावाला कळतं, आणि ‘हे नाणं लाखांना विकून देतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा’ असे फोन सुरू होतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःच्या नावानं होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं. तिचा जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून शुल्क घेत नाही. कुणी नातेवाईक परदेशी निघाला आणि आठवण म्हणून एखादी शिवराई मागितली तर देऊ नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

राहिली नातवाची शाळा. शाळेच्या प्रदर्शनात नाणी थर्माकोलवर फेविकॉलनं किंवा डबल टेपनं चिकटवतात, नावांची पट्टी खाली, आणि दुसऱ्या दिवशी ती सुरीनं उचकटतात. तुमच्या संग्रहातलं एकही नाणं त्या थर्माकोलवर जाऊ देऊ नका. त्याला फोटोंचा एक मोठा तक्ता करून द्या, आणि सोबत दहा साधी नाणी : तीन पैशांचं षटकोनी, कमळाचं वीस पैशांचं, गेंड्याचं पंचवीस पैशांचं, भोकाचा पैसा, अशी. प्रत्येक नाणं कॅप्सूलमध्ये, कॅप्सूल तक्त्याला चिकटवली तर चालेल. मुलांना ही नाणी हातात घ्यायला आवडतात आणि घेऊ द्यावीत. चारमिनारचं नाणं आणि नळदुर्गची चिठ्ठी त्याला दाखवायचीच असेल तर त्या दिवशी तुम्ही स्वतः पर्समधून घेऊन जा, त्याच्या बाईंना आणि वर्गाला दाखवा, गाडीची गोष्ट सांगा आणि परत घेऊन या. संध्याकाळी दहाही कॅप्सूल रजिस्टरशी नंबर जुळवून मगच कपाटात ठेवा.